अव्वाचं न्हाण

त्या घरात माझ्यासाठी स्टीलचा एक ग्लास वेगळा होता आणि तो स्वयंपाकघराच्या बाहेर, खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला असायचा. कुणी काही बोललं नव्हतं. असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. पहिल्या दिवशी मी त्यात चहा प्याले, ग्लास स्वच्छ घासला आणि उंबऱ्यावरून हात लांब करून त्यांच्या भांड्यांच्या टोपल्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो परत खिडकीत. मी परत टोपल्यात. घरच्या वैनी तो खिडकीत न्यायच्या, मी टोपल्यात, आणि ग्लास रोज इकडून तिकडं. मी हरणारी बाई नाही.

मी खजुरीकडची, बौद्ध घरातली. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं होतं, आणि ती गेल्यावर कळलं की हे काम आपल्याला येतं, बीदरमध्ये त्याला पगारही मिळतो. घरी सांगितलं तर थोरले दीर असे भडकले की विचारू नका. म्हणाले, आपल्या आज्या-पणज्यांनी असली कामं टाकली, धम्म घेतला, आणि तू आता लोकांचं हागणंमुतणं काढायला निघालीस व्हय? मी म्हटलं, भाऊजी, विहारात बसता ना, मग तिथं काय ऐकता? आजारी भिक्खू घाणीत पडला होता, बाकीचे त्याच्याकडं फिरकत नव्हते, तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला धुतलं. त्यांना लाज वाटली न्हाई आणि मला वाटावी? दीर उठून गेले. मी दुसऱ्या दिवशीच्या एस्टीनं बीदर गाठलं. कामाला लावणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, जातपात विचारली तर नुसतं गाव सांगायचं, पुढं काही बोलायचं नाही. मी मान हलवली, पण माझ्या मनाला ते पटलं नव्हतं.

घर जुन्या शेतकरी माणसांचं, आता अडतीचं दुकान. अण्णा दिवसभर दुकानात, घरात वैनी आणि अण्णांची आई. सगळे त्यांना अव्वा म्हणत. अव्वा न्हाणीत घसरून पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मी समोर उभी राहिले तर त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "कुणाची गं तू?" आमच्याकडं ह्या प्रश्नाचा अर्थ काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी सांगितलं, बौद्ध हाय अव्वा मी. खजुरीकडची. त्यांनी डोळे मिटून घेतले. वैनींनी मात्र संध्याकाळी दोन गोष्टी सांगितल्या. स्वयंपाकघरात देव हायत, तिथं यायचं काम न्हाई, जेवण उंबऱ्यावर देईन. आणि तुमची ती बुद्धाची वंदना हळू म्हणा, आजारी माणूस झोपलेलं असतंय. दुसरी गोष्ट मी ऐकली. आजारी माणसासाठी ऐकली, देवासाठी नाही.

अव्वा माझ्या हातून जेवेनात. चमचा तोंडाजवळ नेला की दात घट्ट आवळायच्या आणि भिंतीकडं तोंड करायच्या. मी अंग पुसायला, कपडे बदलायला गेले की हात आखडून घ्यायच्या. वैनींनी भरवलं तरी दोन घोट पाणी, बस्स. मला वाटायचं ते मी वाटून घेतलं होतं. मरायला टेकली तरी जात सोडवेना बाईला, असं मनात म्हणायची आणि तरी रोज चमचा भरून पुढं धरायची. भरवीन तर मी कोण ते न लपवताच भरवीन, असा हट्टच धरला होता मी.

मग डॉक्टर आले. अव्वांचं मनगट धरून बघितलं आणि अण्णांना सांगून गेले की उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. ह्या वयात नळी घातली की माणूस परत तोंडानं जेवेलच असं नाही. अण्णा मला म्हणाले, नळी घातल्यावर शिकलेली नर्स लागंल, बाई, तुम्ही मग गावाकडं जावा. रागानं नाही म्हणाले, बिचारे थकले होते. मला गावाकडं जायचं नव्हतं. दिरांच्या तोंडावर 'जमलं नाही' म्हणायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. आणि खरं सांगते, त्या म्हातारीच्या नाकात नळी जावी हेही मला बघवणार नव्हतं. राग होता तरी मी रोज तिची पाठ चोळत होते, तिच्या हाडांची मला सवय झाली होती.

दुसरा दिवस पौर्णिमेचा. मी अंगणातल्या मोरीत बादलीभर पाण्यात न्हाले, पांढरी साडी नेसले, केस ओलेच मोकळे सोडले आणि अव्वांच्या खाटेजवळ खिडकीशी बसून हळू आवाजात त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणायला लागले. मध्येच पाठीला काहीतरी लागलं. बघते तर अव्वांनी हात लांब करून माझ्या ओल्या केसांचं टोक धरलं होतं. आपणहून. मग तो ओला हात त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. त्यांच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मला दिरांना सुनावलेली ती गोष्ट आठवली. एवढ्या तोऱ्यात सांगितली होती आणि मुद्द्याचं विसरले होते. त्या भिक्खूला आधी कोमट पाण्यानं आंघोळ घातली होती. मी तर रोज नुसतं ओल्या फडक्यानं पुसत होते.

मी उंबऱ्याशी जाऊन वैनींना म्हटलं, टाके काढलेत, डॉक्टरांनी खुर्चीत बसवायला सांगितलंय, अव्वांना न्हाणीत नेऊन डोक्यावरून आंघोळ घालते. वैनी म्हणाल्या, टाकी कोरडी पडलीया. सकाळची शेवटची बादली तुम्हीच घेतलीत. नळाची पाळी परवा. पिण्यापुरता एक हंडा हाय, तो देऊ का आंघोळीला? मी परत येऊन खाटेजवळ खाली बसले. भांडायला माणूस असलं तर मी भांडते. कोरड्या नळाशी काय भांडू? आमच्यात काही मागायचं नसतं, नवस नाही, चमत्कार नाही. मी मागितलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि मनात एवढंच म्हटलं, माझ्यानं होतं ते झालं, आता माझ्या हातात काही न्हाई.

आणि आत नळ फुसफुसला. आधी नुसती हवा, मग एक थुंकी, मग धार. वैनी हंडे घेऊन धावल्या. नंतर म्हणाल्या, कुठं पाईप दुरुस्त केली असंल, म्हणून मधीच सोडलं. असंल. मला त्यात पडायचं नाही.

मी अव्वांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीनं कमरेशी बांधलं आणि खुर्ची फरशीवरून ओढत निघाले. न्हाणी स्वयंपाकघराच्या पलीकडं. उंबऱ्यावर खुर्ची अडली. वैनी आत, देव्हाऱ्याच्या पुढं उभ्या. मी त्यांच्याकडं बघितलं आणि पाऊल आत टाकलं. म्हणायचं ते म्हणू दे, असं ठरवूनच टाकलं. वैनींचं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अव्वा बोलल्या. कितीतरी दिवसांनी.

"बघत काय उभी ऱ्हायलीस? धर तिकडनं."

वैनींनी खुर्चीचे पुढचे पाय धरले, मी मागची पाठ, आणि देवांच्या समोरून आम्ही अव्वांना न्हाणीत नेलं. वैनींनी पाणी तापवलं, मी शिकेकाई लावली. पहिला तांब्या डोक्यावर पडला तशा अव्वा लहान लेकरासारख्या हुंदके द्यायला लागल्या. मग हळूहळू बोलल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या कधी पारोशी जेवल्या नव्हत्या, आंघोळीआधी पाण्याचा घोट सोडला तर तोंडात काही नाही. दवाखान्यातून आल्यावर सुनेला सांगितलं तर तिनं पाय मोडंल म्हणून गप्प केलं. "तू रोज न्हाऊन, केस सोडून येतीस," त्या मला म्हणाल्या, "आन् मी अशी पारोशी लोळायलेय. ह्या घाणीला कामून हात लावायलीस, म्हणून तोंड फिरवायची मी."

ती बाई स्वतःलाच विटाळलेली समजत होती. मी ऐकत पाणी घालत राहिले. मला चुकल्यासारखं वाटलं का? नाही वाटलं. कुणी तोंड फिरवलं की ते जातीवरूनच, असं आम्हाला समजायला पिढ्यान्‌पिढ्या कारणं दिलेली आहेत लोकांनी. पण मी शिकेकाईचं निमित्त करून डोळे पुसले, हे मात्र खरं.

स्वच्छ पातळ नेसवून, केस विंचरून खाटेवर बसवलं. अव्वा म्हणाल्या, भूक लागलीया. वैनींनी ज्वारीची अंबील आणली आणि भरवायला स्वतः बसू लागल्या. अव्वांनी मान हलवली आणि बोटानं मला दाखवलं. मी चमचा पुढं केला. दात आवळले नाहीत. वाटी संपली. अण्णांनी दुकानातून फोन केला तेव्हा वैनींनी सांगितलं, नळी नको, वाटीभर अंबील खाल्ली अव्वांनी.

लहानपणापासून मी तीन सरणं म्हणत आले, पण शरण जायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. वाकायचं नाही, हेच तर आम्हाला शिकवलेलं. त्या सकाळी मी कुणापुढं वाकले नव्हते. होतं तेवढं करून हात खाली ठेवले होते, एवढंच. शरण जाणं ते असेल तर मला जमेल. तथागतांच्या त्या कोमट पाण्याचे उपकार मी कधी विसरणार नाही.

ग्लासाचं म्हणाल तर तो अजून अधूनमधून खिडकीत जातो. मी आता आत जाऊन मांडणीत ठेवते.

त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसून नेहमीसारखी हळू वंदना सुरू केली. अव्वांनी विचारलं, "रोज काय पुटपुटतीस गं?" मी म्हटलं, आमची वंदना हाय अव्वा. पाठ ताठ केली आणि मनात म्हटलं, बोला आता काय बोलायचंय ते.

"मग मोठ्यानं म्हण की," अव्वा म्हणाल्या. "मला ऐकू कमी येतंय."

आत वैनींच्या हातातलं भांडं वाजलं. मी पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्यानं.