फादरची पेटी

आमच्या गावातलं चर्च बंद व्हायला ठरल्यापेक्षा वर्षभर उशीर झाला आणि त्याला सर्वस्वी माझी आई जबाबदार आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते. ती नुसता पदर सावरते.

चर्च म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं काही ते नव्हतं. गेवराईहून चकलांब्याकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथे मारुतीच्या पारापलीकडे काळ्या दगडाची एक खोली, वर पत्रे, पत्र्यांवर क्रूस. चपला बाहेर काढायच्या, आत सतरंजीवर बसायचं. आजोबांच्या काळात एक परदेशी फादर सायकलला औषधांची पिशवी अडकवून यायचे. लिंबाखाली बसून आधी लोकांची गळवं धुवायचे, मग मिस्सा, म्हणजे आमची उपासना, म्हणायचे. खोली त्यांनी आणि आमच्या लोकांनी मिळून बांधली. आमची दहा-बारा घरं कॅथलिक, बाकी गाव हिंदू. पण मरियामातेच्या सणाला अख्ख्या गावच्या बाया ओटी घेऊन हजर. फादरांनी पहिल्या वर्षी त्यांना समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी नारळ फोडायला दगड आणून ठेवला.

खरं तर मरियामातेची ती मूर्ती आमची नव्हतीच. एका सणापुरती शहरातल्या मोठ्या चर्चमधून उसनी आणलेली, लाकडी पेटीत गवत घालून, बैलगाडीतून. सण झाला, परत पाठवायची वेळ आली. आता आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतातच. मग ही एवढी पेटी? आजी म्हणाली, मूर्ती तर त्यांचीच, पेटीत आपलं काय घातलं? सुगी झाली की धान्य घालून पाठवू. त्या वर्षी पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. तोवर मोठ्या चर्चचे फादर बदलले, मूर्तीची आठवण कुणाला राहिली नाही आणि आजीनेही कुणाला करून दिली नाही. मूर्ती वेदीवर राहिली, पेटी आमच्या घरात. आम्ही तिला फादरची पेटी म्हणायचो आणि तिच्यात गोधड्या ठेवायचो.

पुढे आमची घरं एकेक करून पुण्याकडे कंपन्यांत गेली. मीही बीडला मास्तरीण झाले. उरली आई. चर्चची किल्ली तिच्या कमरेला, झाडलोट तिच्याकडे, मेणबत्त्या तिच्या ताब्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी शहरातून फादर मोटारसायकलवर यायचे. हे फादर वसईचे, तरुण, भाषा इतकी शुद्ध की आई त्यांच्यासमोर दबकून बोलायची. मिस्सेला माणसं तीन: आई, सुट्टीला आलेली मी आणि शेजारचे धनगरकाका. काकांना मिस्सेतलं काही कळायचं नाही, पण त्यांच्या शेळ्या चर्चच्या सावलीत बसायच्या, म्हणून तेही आत बसायचे.

एका रविवारी फादरांनी पत्र वाचून दाखवलं. चर्च बंद होणार, खोली अंगणवाडीला द्यायची, मूर्ती शहरात न्यायची.

आईने चर्चला कुलूप लावलं. घरी येऊन चुलीपुढे बसली आणि मला म्हणाली, "चर्च गेल्यावर माज्या मातीला कोण यील?"

"मी येईन की."

"तू यीशील. पर तुला प्रार्थना येतेत का?"

मला येत नव्हत्या. मला भयंकर राग आला, कारण ती खरं बोलत होती.

पुढच्या महिन्यात फादर मूर्ती न्यायला आले, तर आईने आजीचाच डाव टाकला. "फादर, पेटी रिकामी देता येत न्हाई. बाजरी निघू द्या." फादर बिचारे हो म्हणाले. बाजरी निघाली, तर ती काळी पडली होती, देवाच्या घरी कशी द्यायची? तूर येऊ द्या. तुरीला अळी लागली. मग ज्वारी. मी कपाळावर हात मारून घेतला. धनगरकाका म्हणाले, "वहिनी, आता गहू करा. मग ऊस लावा."

ज्वारी मात्र झकास आली. खळं झालं त्या रविवारी फादर तासभर उशिरा पोचले. वाळूच्या टिप्परमधून रस्त्यावर सांडलेल्या वाळूवर त्यांची गाडी घसरली होती. गुडघ्यावर पँट फाटलेली, कोपर सोललेलं. आईने हळद लावायला घेतली, तर म्हणाले, "आधी मिस्सा होऊ द्या, मावशी. तुम्ही मिस्सेसाठी सकाळपासून उपाशी असाल." एक हात छातीशी धरून त्यांनी तीन माणसांसाठी पूर्ण मिस्सा म्हटली. एक ओळसुद्धा गाळली नाही.

आईचं लक्ष पहिल्यांदाच वेदीवर नव्हतं, त्या कोपरावर होतं. मिस्सा झाली तशी ती उठली. "गोधड्या काढ पेटीतल्या," मला म्हणाली. "लई फिरवलं ह्या लेकराला मी."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. बाया सूप-वाट्या घेऊन आल्या. ज्वारी, तीळ, शेंगा, कुणी गूळ. मरियामातेची ओटी भरली, ज्वारीत तिला कमरेपर्यंत बसवलं आणि फादरांनी बोलावलेल्या जीपमध्ये पेटी चढली. मी रडले. आईच्या डोळ्यांत टिपूस नाही. जीप सुटायच्या आत ती काचेशी जाऊन म्हणाली, "फादर, पेटी आता आमची झाली. परत आणून द्या. आन् आमच्यात रिकामी आणत न्हाईत."

मला तेव्हा कुठे कळलं. आई मूर्ती देऊन माणूस बांधून ठेवत होती.

फादर महिन्याने पेटी घेऊन आले. आत वसईची केळी, मेणबत्त्या आणि मिस्सेचं सगळं सामान. पेटी आमच्या अंगणात पालथी घातली, तिच्यावर पांढरं कापड अंथरलं आणि मिस्सा झाली. शेळ्याही आल्या. निघताना आईने पेटीत शेंगा भरून ती पुन्हा जीपमध्ये चढवली.

तेव्हापासून पेटी ये-जा करते. खोलीत अंगणवाडी भरते. आई आता खाटेवर असते, अंगणापर्यंत यायलाही तिला माझा हात लागतो. मीही दोन प्रार्थना पाठ केल्यात, पण तिला माझा भरवसा नाही. परवा दुपारी डोळे मिटूनच तिने विचारलं, "पेटी कुठं हाय गं?"

"फादरांकडं."

"भरून दिली व्हती ना?"

"काठोकाठ."

"मग बरं," ती म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.