‘मागा’ या शब्दाचा अर्थ

प्रार्थनेची ओढ मला लहानपणापासून आहे. प्रार्थना मात्र मला येत नव्हती. नगरकडच्या आमच्या खेड्यात वडील जेवणापूर्वी डोळे मिटून इतके सहज बोलू लागत, जणू समोरच्या पाटावर कोणी बसले आहे. मी एक डोळा किलकिला करून त्या रिकाम्या पाटाकडे पाहत असे. पुढे नोकरीनिमित्त उज्जैनला आलो, भूगोल शिकवता शिकवता निवृत्त झालो आणि येथील लहानशा हिंदी चर्चच्या मंडळीत चाळीस वर्षे शेवटच्या बाकावर बसलो. मराठी ख्रिस्ती माणसे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे माझ्या अबोलपणाला भाषेचे निमित्त सोयीचे पडे. खरे कारण वेगळे होते. चारचौघांत देवाशी बोलायचे म्हटले की मी गीतपुस्तकात डोके खुपसत असे, आणि एकांतात बोलायचे म्हटले तर समोर कोणी आहे असे वाटतच नसे. तरीही ओढ सरत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पाळकांनी, म्हणजे इथल्या बोलीत पादरीसाहेबांनी, इस्पितळातल्या एका एकाकी वृद्धाला भेटून प्रार्थना करण्याचे मला सुचवले. “अगले हफ्ते पक्का,” मी म्हणालो. पुढच्या रविवारी उपासनेत त्या वृद्धाच्या दफनविधीची वेळ जाहीर झाली. मला कोणी एका शब्दाने विचारले नाही. त्यानंतर मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडी, तेव्हा अक्षरे दिसत, पण त्यांतून कोणी बोलत नसे. प्रभूने आपल्याला टाकले, असेच मी धरून चाललो. एका शिक्षकाला खरे तर हे कळायला हवे होते की ज्या मुलाची आशा सोडली, त्याच्या वहीवर कोणी लाल शाई खर्च करीत नाही. मनातली टोचणी थांबत नव्हती, याचाच अर्थ माझी वही अजून कोणाच्या तरी हातात होती.

गेल्या हिवाळ्यात पादरीसाहेबांचा पुन्हा फोन आला. फ्रीगंजमध्ये मुलासुनेकडे राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिका, मूळच्या जालन्याकडच्या, वय ब्याऐंशी. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर साठ वर्षे बोललेली हिंदी त्यांच्यातून पुसली गेली होती आणि फक्त मराठी उरली होती. दोन दिवस त्या अन्नही घेत नव्हत्या. घरच्यांना मराठी येत नव्हती, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती.

“मास्टरजी,” ते हळूच म्हणाले, “इस बार अगला हफ्ता मत बोलिएगा.”

ते विसरले नव्हते. मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात प्रार्थना लिहून काढली, ती तीनदा सुधारली आणि निघालो. देवास गेटजवळच्या माझ्या घरून पूल ओलांडून फ्रीगंजला पोहोचायला वीस मिनिटे लागतात. मला तास लागला. पुलावरून मी दोनदा मागे फिरलो, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

दार सुनेने उघडले. “अच्छा हुआ आप आए, अंकल. मम्मी दो दिन से एक ही बात बोल रही हैं, माँगा, माँगा. पानी दिया, तकिया बदला, उनकी पुरानी घड़ी तक ढूँढ लाई. पता नहीं क्या माँगा है.”

भैरवगढच्या छापाची चादर गळ्यापर्यंत ओढून त्या निजल्या होत्या. मी मराठीत नमस्कार करताच त्यांनी डोळे उघडले आणि वाकड्या झालेल्या ओठांनी म्हणाल्या, “मागा.”

मी जागीच थबकलो. सुनेच्या हिंदी कानांना ते ‘काहीतरी मागितले’ असे ऐकू येत होते. त्या मात्र म्हणत होत्या, तुम्ही मागा, देवाजवळ मागा. ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हा प्रभूचा शब्द मराठी संडे स्कूलमधल्या प्रत्येक मुलाच्या ओठांवर असतो. दोन दिवस त्या घरच्यांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगत होत्या.

मी सुनेला अर्थ सांगितला. तिने कपाळाला हात लावला. “और मैं तकिए बदलती रही.”

मी कागद काढून वाचू लागलो, “हे परमपवित्र पित्या, आपण आपल्या असीम करुणेने आपल्या या दासीवर...”

“आपण?” त्या अडखळत म्हणाल्या. “पाहुणे आलेत का?”

मी कागदावरून नजर वर केली.

“बाप आहे तो. ‘तू’ म्हणा.”

“क्या बोलीं?” सुनेने उत्सुकतेने विचारले.

“मुझे डाँटा,” मी म्हणालो.

“तब तो मम्मी ठीक हैं,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मी कागदाची घडी केली. “देवा, तू,” अशी सुरुवात केली. मग जे तोंडातून आले, ते माझ्या कागदावर कुठेच नव्हते. “तू इथे आहेस ना? मागे तू बोलावलेस तेव्हा मी गेलो नाही. मला क्षमा कर. यांना जवळ घे. मलाही तुझ्यापाशी येऊ दे.” भूगोलाच्या तासालाही मी कधी इतके तुटक बोललो नव्हतो.

“आमेन,” त्या स्पष्ट म्हणाल्या. दारातून सुनेचे “आमीन” आले. थोड्या वेळाने तिने पुढे केलेला दलियाचा चमचा त्यांनी नाकारला नाही. याहून अधिक काही घडले असे मी म्हणणार नाही.

त्या होळीपर्यंत होत्या. दर गुरुवारी मी जात असे, आणि दर वेळी तोच शब्द त्या म्हणत. शेवटच्या भेटीत मात्र ‘मागा’चे ‘माग’ झाले होते. माझ्या आईनंतर मला असे एकेरीत कोणी म्हटले नव्हते.

आता पादरीसाहेब फोन करतात, तेव्हा मी त्याच दिवशी निघतो. माझी हिंदी प्रार्थना ओबडधोबड असते; पण जे थोडे आहे, ते हातचे न राखता देण्याचा प्रयत्न करतो. ज्याने मला दुसऱ्यांदा बोलावले, त्याचे उपकार मानायला मला याहून चांगली रीत सापडलेली नाही. ओढ अजून सरलेली नाही, आणि ती सरू नये असे आता वाटते. एकटा असताना कधी कधी जुन्या सवयीने ‘आपण’ निघून जाते. मग मी थांबतो, पाहुणे आलेले नाहीत असे स्वतःला सांगतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो.