लाभार्थ्याची बायको

आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत सगळ्यात जास्त शिव्या कुणाला बसत असतील, तर त्या पगारातून कापल्या जाणाऱ्या विम्याला. कंपनी म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीतला शिवणकामाचा कारखाना. तिथं आम्ही बाया दिवसभर मशीनवर बसून कुठल्या कुठल्या देशांतल्या लेकरांच्या कपड्यांना बाह्या जोडतो. पगार झाला की कुणीतरी म्हणणारच, "त्या विम्याच्या दवाखान्यातल्या सरकारी गोळ्या कोण खातंय? मग ह्ये कशापायी कापत्यात?" मीही म्हणत होते. कापलेला पैसा म्हणजे गेलेला पैसा, अशीच आमची समजूत होती.

गेल्या हिवाळ्यात आमचे मालक, कंपनीचे नव्हे, माझे घरचे, इंदापूरच्या बाजारात पेरूचे क्रेट उतरवताना छाती धरून खाली बसले. त्यांची पिकअप आहे. सणसर, अंथुर्णे, वालचंदनगरच्या बाजूचा माल भरायचा आणि बाजारात पोचवायचा, हा त्यांचा धंदा. हमालांनी त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्यात. एकीत लगेच स्प्रिंग टाकावी लागेल, दुसरीत काही महिन्यांनी, तब्येत सावरल्यावर. तोवर वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. खर्च ऐकून सासरे भिंतीला टेकून उभे राहिले.

मी म्हणाले, "मामा, माझा विमा हाय. कंपनीतला. नवऱ्याला चालतो."

सासऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी मध्येच भाजीला काय करू म्हणून विचारलं होतं. "तू हितं थांब त्याच्यापाशी," ते म्हणाले, "मी आण्णास्नी भेटून येतो."

आण्णा म्हणजे आमच्या गटाचे पुढारी. आमच्या भागात सरळ रस्त्यानं झालेल्या कामावर कुणाचा विश्वास नाही. पोराचा शाळेतला प्रवेश असो, जळालेला विजेचा डीपी असो, नाहीतर एसटीत विसरलेली पिशवी असो, आधी कुणाची तरी चिठ्ठी, नाहीतर फोन. आपोआप झालेलं काम लोकांना कच्चं वाटतं, कधीही उसवेल असं. सासऱ्यांनी धुतलेली टोपी घातली, पेरूंची एक पेटी मोटारसायकलवर बांधली आणि गेले.

मी विम्याच्या दवाखान्याची वाट धरली. रांगेत उभी राहिले, डॉक्टरांना कागद दाखवले, या खिडकीवरून त्या खिडकीवर गेले. एकीकडं झेरॉक्स कमी पडली, दुसरीकडं फोटो. पाय भरून आले. पण कुणी हाकललं नाही, हेही खरं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी मंजुरी आली. मला राहवेना, म्हणून खिडकीतल्या बाईंना विचारलं, "आमच्या पुढाऱ्यांचा फोन आला होता का?"

"कुणाचा?" त्यांनी मान वर केली. "तुमची कपात वेळेवर जमा झालीय, हजेरी पुरी आहे. आणखी काय पाहिजे?"

त्याच संध्याकाळी आण्णांचाही सासऱ्यांना निरोप आला, काम झालं, काळजी करू नका. एका कामाला दोन बाप झाले, आणि गावाला त्यातला एकच दिसला.

पुण्यात पहिली स्प्रिंग पडली. मालक घरी आले. मग जी माणसं भेटायला यायला लागली, ती आठ-पंधरा दिवस थांबेनात. ओट्यावर बसायची, चहा घ्यायची आणि म्हणायची, "आण्णा देवासारखं धावून आलं बगा." सासरे दोन्ही हात जोडून वर बघायचे. मालक उशीला टेकून मान हलवायचे. आणि मी आतून कपबशा घेऊन यायची. मला राग यायचा. साधासुधा नाही, चहा उतू जाईपर्यंत नुसती पातेल्याकडं बघत बसावं असा राग यायचा. एकदा मी ट्रे ठेवता ठेवता म्हणालेही, "माझ्या कंपनीच्या विम्यातनं झालंय ते." त्यावर भेटायला आलेले गावातले एक तात्या मायेनं म्हणाले, "व्हय व्हय पोरी, पर विम्याला बी हलवाया माणूस लागतोच की."

हक्क हा शब्द आमच्याकडं जमिनीच्या वाटणीत निघतो. भावकीत बांधावरून डोकी फुटतात ती हक्कासाठीच. दवाखान्यात मात्र तो शब्द कुणाला सुचत नाही. तिथं सगळे हात जोडूनच शिरतात. मग दवाखाना सरकारी असो, खासगी असो, नाहीतर स्वतःच्या पगारातून चालणारा असो.

पण मी तरी छाती ठोकून 'माझं' कुठल्या तोंडानं म्हणू, असंही नंतर वाटायला लागलं. माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई बसते. तिच्या घरात कुणी आजारी पडत नाही आणि विम्याला शिव्या देण्यात तिचा पहिला नंबर. मी रजेवरून परत आले तेव्हा डबा खाताना तिला सगळं सांगितलं. माझी आजवरची सगळी कपात एकत्र केली असती तरी त्यात एक स्प्रिंग आली नसती. उरलेलं कुठून आलं? हिच्यातून, पलीकडच्या ओळीतल्या बायांतून, कंपनीच्या वाट्यातून. ती चपाती हातात तशीच धरून बसली. मग म्हणाली, "म्हंजी माजं पैसं तुज्या नवऱ्याच्या काळजात गेलं म्हन की. सांग त्येला, जपून ऱ्हावा म्हनाव." आम्ही दोघी हसलो. उपकार असलेच, तर ते या बाईचे होते. तिला कुणी पेरू नेऊन दिले नाहीत.

फाल्गुनात आण्णांचा वाढदिवस आला. त्यानिमित्त 'आरोग्य लाभार्थी मेळावा' ठरला. ज्यांची ज्यांची कामं आण्णांच्या फोननं झाली, त्यांचा सत्कार. एका सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत मी चौकात उभी होते, तर समोर फ्लेक्स. वर आण्णांचा हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली गोल गोल चौकटींत लाभार्थ्यांची तोंडं. तिसऱ्या चौकटीत आमचे मालक. लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेले होते. शेजारी मी होते, तर माझा नुसता खांदा उरला होता.

मेळावा शुक्रवारी, कामाच्या दिवशी. मालकांनी स्टेजवर दोन शब्द बोलायचे आणि बायकोनं साडी-नारळ घ्यायचा, असा निरोप आला. सासरे म्हणाले, "सूनबाई, शुक्रवारचा खाडा कर."

मी म्हणाले, "मामा, मला जमायचं न्हाय."

कारण सोपं होतं, पण ते सांगता सांगता माझी दमछाक झाली. मालकांच्या आजारपणात माझे इतके खाडे झाले होते की हजेरी काठावर आली होती. सहामाहीत ठरावीक दिवस भरले नाहीत, तर पुढच्या सहामाहीत विम्याचं कार्ड चालत नाही. आणि दुसरी स्प्रिंग पुढच्याच सहामाहीत पडायची होती. वर सुपरवायझरनं सांगून ठेवलं होतं, आता एक जरी खाडा झाला तर मला सांगायला येऊ नका. म्हणजे ज्या कार्डावर नवऱ्याचा जीव वाचला, त्याच्यासाठी भलत्याच माणसाचे आभार मानायला जायचं, आणि त्या नादात ते कार्डच घालवून बसायचं.

सासऱ्यांना हे पटलं नाही. "आण्णांनी फोन केला की कार्ड-बिर्ड समदं चालतंय," ते म्हणाले आणि तंबाखू मळत बाहेर गेले.

मालक मात्र तिथंच बसून राहिले. मी भाकरी थापत होते. ते म्हणाले, "दुसरी नळी अजून ऱ्हायलीया. आत्ताच आण्णांना दुखवून कसं चालंल?"

"तुमी जावा की. तुमाला कुणी अडवलंय?" मी म्हणाले. "फकस्त तितं माझं बी नाव घ्या."

ते खाली बघत म्हणाले, "बायकोच्या पगारावर वाचलो, आसं माईकवर सांगू व्हय? चारचौघांत?"

"वाचलाय न्हवं?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. ज्या माणसानं सगळी हयात दुसऱ्याचे क्रेट उचलले, त्याला आता पाण्याची बादली उचलायची बंदी होती. आण्णांचे उपकार त्याला चालत होते, कारण आण्णा सगळ्यांवरच उपकार करतात, त्यात लाज नाही. बायकोचा आधार मात्र घरातच लपवून ठेवायची गोष्ट. मला एवढंही कळत होतं की ते घाबरलेत. आणि खरं सांगायचं तर घाबरले मीही होते. फोन खरंच झाला असेल तर? खिडकीतल्या बाईंना तरी वरचं काय ठाऊक? आमच्या भागात वाढलेल्या माणसाच्या मनातून हा 'तर' काही केल्या जात नाही.

शुक्रवारी मी पहाटे उठून त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला आणि बसला गेले. दिवसभर बाह्या जोडल्या. दोनदा उलटी बाही जोडली, दोनदा उसवली. शेजारीण म्हणाली, "घरी जा बाई, तुजं ध्यान न्हाय हितं." तिला काय सांगणार? ध्यान नसलं तरी चालेल, माणूस दिसला पाहिजे, एवढंच माझ्या हातात होतं.

संध्याकाळी बसमधून उतरले तर चौकात मांडव सोडायचं काम चाललं होतं. मालक पानटपरीच्या बाकड्यावर बसले होते. सोबत सासरे दिसत नव्हते, म्हणजे घरापासून तिथवर ते एकटेच चालत आलेले. मला आधी तेच दिसलं. मी ओरडले, "एवढं कशाला चालायचं? दम लागला मग?"

"बसलोय की मगापासनं," ते म्हणाले.

आम्ही हळूहळू घराकडं निघालो. मी विचारलं नाही. बरंच पुढं आल्यावर तेच म्हणाले, "आण्णांनी इचारलं, वैनी कुठं हायत? म्या सांगितलं, कामावर गेलीया."

"एवढंच?"

"आण्णा हसलं. म्हणलं, आजच्या दिवशी बी कामावर? मग लोकं बी हसली." ते थांबले. दम घ्यायला थांबले की बोलायला, कळलं नाही. "मग म्या म्हणलो, ती कामावर गेली न्हाय तर माझी दुसरी स्प्रिंग पडायची न्हाय. पयली बी तिच्याच विम्यात पडलीया."

"माईकवर?"

"माईकवर. मग आण्णांनी माईक घेतला हातातनं." ते जरासे हसले, मग वडलांचं सांगितलं. "आबा तितनंच उठून गेलं. घरी बोलायचं न्हाईत आता आठ दिवस."

मी चालत राहिले. किती महिने मला हे ऐकायचं होतं. ऐकल्यावर उड्या माराव्याशा वाटतील, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बरं वाटलं, खूप बरं वाटलं, पण त्याच्या मागोमाग भीती आली. मी म्हणाले, "आता आण्णा आडवं आलं तर? दुसऱ्या येळंला कोण हाय आपल्यामागं?"

"तू हायस की," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले, पोराला आईबद्दल वाटतो तसा भरवसा ठेवून.

आण्णांवर होता तो सगळा भार त्यांनी उचलून माझ्यावर ठेवला होता. माझं नाव घ्या, असं मीच म्हणाले होते. त्यांनी ते घेतलं होतं, साऱ्या गावासमोर, लाज गिळून. मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि तो मला भरायचा होता. त्यानंतरचा सोमवारही. आता मला आजारी पडता येणार नव्हतं.