लबीबामावशींची गाणी आणि नौफलचा सर्व्हर

आमच्या अम्मानच्या ऑफिसात नौफलइतका भित्रा माणूस दुसरा नाही, आणि हे मी कौतुकाने सांगतेय. अठरा वर्षं लोकांचे सर्व्हर सांभाळतोय. कशालाही हात लावण्याआधी बिस्मिल्ला म्हणणार आणि डिस्कची नक्कल काढून ठेवणार. आम्ही चिडवायचो, "नौफल, चहात साखर घालायच्या आधीपण नक्कल काढता का हो?"

क्लाउड म्हणजे आभाळ-बिभाळ काही नसतं. परदेशात कुठल्याशा गोदामात दांडगी यंत्रं असतात, एकेकाचे वीस-वीस हिस्से करून भाड्याने देतात. आपण इथे बसून बटणं दाबायची. सर्व्हर बंद करून परत सुरू केला, की हिस्सा भलत्याच यंत्रावर मिळतो, भाडेकरूची खोली बदलावी तसा. आपली पेटी, म्हणजे कायमची डिस्क, मागोमाग येते. जुन्या खोलीतल्या फळीवरचं, म्हणजे त्या यंत्रातल्या तात्पुरत्या डिस्कवरचं, सामान मात्र मालक फेकून देतो.

लबीबामावशींचं सगळं त्या फळीवर होतं. मावशी जवळच्या सल्त गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांची अंगाईगीतं, लग्नातली गाणी त्यांनी टेपवर घेतली होती. आठ वर्षांपूर्वी ती आमच्या सर्व्हरवर चढवली. टेपांना बुरशी लागली तेव्हा नौफलनेच सांगितलं, "टाकून द्या, मावशी. इथे काही होत नाही." केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी, जरा वेगाने चालावं म्हणून, सगळी गाणी तात्पुरत्या डिस्कवर ठेवली होती. आणि नौफलची नक्कल निघायची ती फक्त पेटीची.

एरवी तो सर्व्हर नुसता रिस्टार्ट करायचा. त्यात खोली बदलत नाही, फळी शाबूत राहते, म्हणून इतकी वर्षं कळलंच नाही. रविवारी सकाळी सर्व्हर मोठा करायचा होता. त्यासाठी त्याने तो पूर्ण बंद केला, मग सुरू केला. गाण्यांचं फोल्डर रिकामं. नक्कल उघडली, तिच्यातही नाही. भाड्याने देणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर दहा मिनिटांत गोड उत्तर आलं, की ती डिस्क पुसून दुसऱ्याला दिली, क्षमस्व. असा संताप आला मला! भांडायला समोर माणूस तरी हवा ना.

नौफलने फोन केला, तशा दुपारी मावशी स्वतःच आल्या. त्याने उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"ते यंत्र आहे कुठे? मी जाते तिथे."

"ठाऊक नाही, मावशी."

"म्हणजे काय? तुम्हीच सांभाळता ना?"

त्याने रिकामं फोल्डर उघडून त्यांच्यासमोर धरलं.

"त्या गाणाऱ्यांतल्या एकोणीस जणी गेल्या. माझी आईपण. आता कुणाच्या दारात जाऊ मी?"

मी पुढे ठेवलेला चहा त्यांनी घेतलाच नाही. मग अगदी आशेने त्यांनी नौफलला विचारलं, "आईच्या एका अंगाईचं दुसरं कडवं मला कधीच नीट आलं नाही बघा. मेंढरांचं आहे त्यात. तुमच्याकडे आठ वर्षं होतं, ऐकलं असेल तुम्ही. नुसती चाल गुणगुणा, मी उचलेन लगेच."

नौफलने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मावशी," तो म्हणाला, "मी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही."