सांध्यातली एक ओळ

सगीराचं काम नेमकं काय, हे गारखेड्यातल्या तिच्या गल्लीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. "लायब्ररी सांभाळते" एवढं ऐकून शेजारच्या लक्ष्मीबाईंनी एकदा तिच्याकडे श्रावणात वाचायला पोथी मागितली होती. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमला आयता जोडता येईल असा कोडचा गठ्ठा, नाव ‘सांधा’. टेलिफोनची यंत्रं दहा कंपन्यांची, प्रत्येकीची बोलायची तऱ्हा न्यारी. जुन्याचं नव्याला कळावं, नव्याचं जुन्याला, एवढंच सांध्याचं काम. पोटापाण्याला पॉलिटेक्निकमधली शिकवणी होती. हे घरचं खाऊन केलेलं. आणि तिचा कायदा एकच: आज चालतंय ते उद्या मोडायचं नाही. शहराचं नाव बदललं तेव्हा माणसांनी वाद घातले, सांध्यानं दोन्ही नावं निमूट चालवून घेतली.

गुलमंडीच्या मागं कारभारी काका एक लहानशी संस्था चालवतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी संस्थेचं यंत्र फोन करतं. कानांनी दगा दिलेल्यांसाठी फोनही खास: दोन घंट्या झाल्या की आपोआप उचलला जातो आणि खोलीभर ऐकू येईल असं विचारतो, "बरं आहे ना? बरं असेल तर एक दाबा." तीनदा विचारतो. आवाज सगीराचा. यापेक्षा स्वस्त आवाज मिळाला नाही, असं काका तिला चिडवत. म्हाताऱ्यानं एक दाबला की घरच्यांच्या मोबाइलवर ‘ठीक’ उमटायचं.

आता गंमत बघा. संस्थेचं यंत्र जुनं, त्याला दोनच उत्तरं कळत: हो किंवा नाही. टेलिफोन कंपनी मात्र तीन देई. एक दाबला, मदतीसाठी नऊ दाबला, किंवा काहीच दाबलं नाही. या तिसऱ्याला जुन्या यंत्रात जागाच नव्हती. सगीरानं सुरुवातीला ते ‘नाही’मध्ये घातलं. मग पावसाळ्यात लाइनी बिघडल्या आणि काकांची माणसं शहरभर पळत सुटली. जावं त्या दारी म्हातारी धडधाकट, वरून चहाचा आग्रह. "ताई, लई पळापळ व्हायली बघा. कायतरी करा," काका म्हणाले. सगीरानं एक ओळ बदलली. काहीच दाबलं नाही, तर ‘हो’ समजावं. त्यानंतर दहा वर्षांत एकही तक्रार आली नाही. येणार कुठून म्हणा! तक्रार करायला माणूस उठावा तर लागतो.

त्याच यंत्रावर तिचे अब्बाही होते. शफीक मास्तर, उर्दू शाळेतून निवृत्त, संस्थेच्याच मागच्या बोळात दोन खोल्यांत एकटे. लेकीनं गारखेड्याला चला म्हटलं की म्हणत, तिकडच्या पानवाल्याला माझं नावसुद्धा ठाऊक नाही. २०१६च्या डिसेंबरात सगीरा चार दिवस पुण्याला गेली, ती यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची स्टँडर्डं ठरवणाऱ्या बैठकीला. मंगळवारी मोबाइलवर ‘ठीक’ आलं. बुधवारी ‘ठीक’. गुरुवारीही ‘ठीक’. आणि गुरुवारी दुपारी धाकट्या भावाचा, इलियासचा फोन. तो जालन्याहून अब्बांना भेटायला आला होता. म्हणाला, दहाला पोचलो तेव्हा अब्बा पलंगावर होते, झोपेतच गेलेत. सातला बरे होते आणि दहाच्या आत गेले, म्हणजे हाल झाले नाहीत. रडं आलं की सगीरा एवढंच मनात घोळवायची. सात वर्षं तिनं त्या एका गोष्टीवर काढली.

यंदा कंपनीनं जुनं स्टँडर्ड बंद करायचं ठरवलं आणि सांधा नव्यावर आणणं भाग पडलं. याची एक रीत असते. कुठल्या घरून कुठली कळ दाबली याच्या कच्च्या नोंदी यंत्रात पडून असतात. त्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रस्त्यांनी पळवायच्या. उत्तरं जुळली की काम फत्ते. सगीरानं आधी चालू महिना घेतला. बऱ्याच घरांचा एखाद-दुसरा दिवस जुळेना, पण एक घर रोजच जुळेना. चतुराबाई, वय एक्याऐंशी. जुना रस्ता म्हणे ‘हो’, नवा म्हणे ‘उत्तर नाही’. सलग एकोणीस दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगीरा चतुराबाईच्या दाराशी उभी होती. पहिला मजला, अंधारा जिना, दाराला आतल्या लॅचचं कुलूप. आत कुणी आहे की नाही, बाहेरून कळेना. तिनं कडी वाजवली, हाका मारल्या. मग आत फोन वाजला. दोन घंट्या. आणि बंद दाराआडून सगीराचा स्वतःचाच आवाज आला, दहा वर्षांनी तरणा, हसरा: "बरं आहे ना? बरं असेल तर एक दाबा." थोडं थांबून आवाजानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. कळ दाबल्याचा आवाज आला नाही. फोन कट झाला, आणि तपासणीसाठी तिनं हातातल्या मोबाइलवर लावून घेतलेल्या यादीत चतुराबाईच्या नावापुढं ‘ठीक’ उमटलं.

समोरचं दार उघडून सरूबाई नावाची शेजारीण बाहेर आली. "चतुरामावशी व्हय? ती पैठणला गेली की, लेकीच्या घरी. तीन आठवडे झाले. तो फोन बोलतोय येकटाच रोज. आमच्या सुनंला भ्या वाटतं."

सगीरा जिन्यातच बसली. चतुराबाई जिवंत आहे याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. घरात कुणी नसताना ‘ठीक’ उमटत असेल, तर त्या मंगळवारी अब्बांच्या घरून कोण बोललं होतं?

घरी येऊन ती यंत्रापुढं बसली. २०१६ गाळून पुढं जाता आलं असतं. कोण विचारणार होतं? काकांनाही फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "जुनं कशाला उकरता, ताई?" तिनं उकरलं. अब्बांच्या चार ओळी पडद्यावर आल्या. सोमवार, एक दाबला. मंगळवार, काही नाही. बुधवार, काही नाही. गुरुवार, सात वाजून अकरा मिनिटं: एक दाबला.

ती शेवटची ओळ तिनं पुन्हापुन्हा वाचली. मंगळवार-बुधवारसारखं गुरुवारीही काही नसतं तर सोमवारीच गेले असं मानून ती रडली असती आणि मोकळी झाली असती. पण गुरुवारी एक दाबला होता. म्हणजे अब्बा दोन दिवस कुठंतरी पडून होते? जिवंत? लेकीचा आवाज ऐकत, हात पोचत नाही म्हणून? आणि तिसऱ्या दिवशी सरपटत जाऊन ‘बरं आहे’ म्हणून गेले? हा विचार एकदा आला तो जाईना. जेवताना आला, वर्गात फळ्यावर लिहितानाही आला.

नोंदी पाहिल्या त्याच दिवशी तिनं सांध्यातली ती जुनी ओळ उलटी फिरवली. उत्तर नाही, तर ‘नाही’. स्वतःचा कायदा मोडला, पहिल्यांदाच. दुसऱ्या सकाळी काकांचा फोन आला. "ताई, बावीस घरी पळालो! बावीसच्या बावीस ठणठणीत! माणसं वैतागली ना."

"पळू द्या," सगीरा म्हणाली. "उद्याही पळू द्या."

मग कॉलेजला दांडी मारून तिनं जालन्याला इलियासला फोन लावला.

"उस दिन तू कित्ते बजे पहुँचा था?"

"दस बजे. कित्ती बार पूछेंगे, आपा?"

"सात ग्यारह को अब्बा के फोन पे एक दबा है. उसके पहले दो दिन कुछ नै. दो दिन पड़े थे क्या रे वो? ज़िंदा थे?"

पलीकडं त्याच्या चष्म्याच्या दुकानात कुणीतरी भाव विचारत होतं. इलियासनं गिऱ्हाइकाला बाहेर काढलं, शटर ओढल्याचा आवाज आला.

"नै, आपा. सोमवारकोच गए थे. मय्यत कू आख़िरी गुस्ल मैं दिया, बदन देखके मेरेकू मालूम है. पलंग पे मैंच सुलाया. मैं सात दस को पहुँचा था. दरवाज़ा खोला तो अब्बा ज़मीन पे, और फोन पे तुम पूछरे थे, बरं आहे ना. फिर पूछे. तीसरी बार पूछे तो मेरे से सुना नै गया. मैंच एक दबा दिया."