अंगारा ठरेना

पत्नी गेल्यापासून रविवार मला खायला उठतो. पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्यात, मारुतीच्या देवळात, मी दर रविवारी फुकट दवाखाना मांडतो तो मुळात त्यासाठी. लोक देवमाणूस म्हणतात; मी मान खाली घालतो. देवावर विश्वास उरला नव्हता. त्याच्याच सभामंडपात बसून मी नुसता दिवस ढकलत होतो.

बोंडअळीचे दिवस होते. बीटी कपाशीला फवारे लागणार नाहीत असं बियाणं घेताना सगळ्यांनी ऐकलेलं, आणि आता रोज पंप पाठीवर. अख्ख्या गावाला औषधाचा वास. नाकाला तो कळेनासाच झालेला. त्या सकाळी एक म्हातारी आपल्या मुलाला, संतोषला, धरून घेऊन आली. पाय लटपटत होते, जीभ जड. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "संत्या, सकाळीच मारली काय बे?" सगळे हसले. आता लिहितोच आहे तर लिहितो, मीही हसलो. "आजी, उतरू द्या त्याची," म्हणालो आणि त्याला खांबाशी बसवायला सांगितलं. पुढचा पेशंट घेतला. त्याच्या पुढचाही.

मान वर केली तेव्हा म्हातारी मारुतीपुढचा अंगारा त्याच्या कपाळाला लावत होती. लावला की ओघळून जायचा. पदरानं पुसायची, पुन्हा लावायची. "काऊन टिकून नाही राह्यला जी हा?" मला विचारत होती की देवाला, कोण जाणे. आभाळ भरलेलं, वारा गार, बाकी कुणाच्या अंगावर घामाचा टिपूस नाही. आणि याच्या कपाळावरून धार.

मी धावलो. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. दारू कसली, फवाऱ्याचं विष भिनलं होतं. कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, विषावर उतारा म्हणून होती तेवढी अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं दिली. खताच्या गोण्या घेऊन चाललेल्या एका अनोळखी मुसलमान व्यापाऱ्यानं काही न विचारता गोण्या रस्त्याकडेला उतरवल्या आणि त्याच गाडीतून आम्हाला खामगावला नेलं. वाटभर संतोषची नाडी धरून मी कित्येक वर्षांनी 'देवा' म्हणालो. मागणं काही सुचलं नाही. नुसतं देवा.

संध्याकाळी तो वाचेल असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाकावर म्हातारीशेजारी बसून मी बोलून टाकलं, "आजी, मी त्याला प्यालेला समजलो. म्हणून बाजूला बसवलं."

ती म्हणाली, "मलेबी तसंच वाटलं होतं, डॉक्टरसाहेब. त्याची दारू सुटावी म्हणून तं अंगारा लावून राह्यली होती."

म्हणजे चुकलो आम्ही दोघंही. त्या चुकांमधूनच कुणीतरी त्याला अलगद बाहेर काढलं. कुणी, हे मी आता विचारत नाही. घर अजून तितकंच रिकामं आहे. पण कुणी झोकांड्या खात दवाखान्यात आलं, की काहीही बोलण्याआधी मी त्याच्या कपाळावर हात ठेवतो.