सिक रिपोर्टमधला डावा पाय

बाळकुमला हळदीत नाचताना स्टेजवरून पडलो आणि उजवी नडगी मोडली. ठाकुर्लीत, आमच्या सोसायटीत मात्र सांगितलं, रेडा अंगावर आला, मी त्याला शिंगं धरून बसवला, तेवढ्यात पाय घसरला. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. सहा आठवडे वजन टाकायचं नाही. फिजिओथेरपीची मॅडम रोज ११०० ला, म्हणजे आमच्या फौजी हिशेबाने सकाळी अकराला, येते. "काका, रेडा राहू दे, गुडघा वाकवा," म्हणते.

दहाव्या दिवशी खडवलीहून सुमनवहिनी आल्या, माझ्या पलटणीतल्या नाईक दिनकर भोईरच्या पत्नी. हातात बकऱ्याच्या पायांच्या सूपचा डबा. पायाचं बँडेज बघून म्हणाल्या, "हाच का भाऊजी, तेव्हाचा पाय?"

तेव्हाचा म्हणजे सीमेवरच्या पोस्टवरचा. सोळा हजार फूट. चहा ओतला की त्याची काठी व्हायची, आम्ही मोडून खायचो. एवढं मी सगळ्यांना सांगतो. पुढचं कधीच नाही.

त्या सकाळी ०५३० ला पेट्रोलिंग निघणार होतं. यादीत माझं नाव होतं. थंडीचा कंटाळा आला होता, बाकी काही नाही. नर्सिंग असिस्टंटकडे सिक रिपोर्ट केला: डावा घोटा मुरगळलाय. लंगडून दाखवलं. फार छान लंगडलो.

दिनकर बूट बांधत म्हणाला, "नाटक्या, तुझ्या जागी मी जातो. आल्यावर चहा तू करायचा."

०७१० ला रेडिओ वाजला. "बर्फ सरकलं. एक जवान बर्फाखाली. ओव्हर."

मी धावलो. त्याच घोट्यावर, सगळ्यांच्या पुढे. कुणी काही विचारलं नाही. दिनकर ०९४० ला सापडला, श्वास थांबलेला. एका बुटाची लेस सुटलेली होती.

वहिनी उत्तराची वाट बघत होत्या. "हो, तोच" एवढंच म्हणायचं होतं. गोष्ट तोंडात तयार होती.

"नाही वहिनी. तो डावा होता. आणि त्याला काहीच झालेलं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. चहाचंसुद्धा. न वाढवता सांगितलेली माझी ही पहिलीच गोष्ट.

वहिनी उठल्या. डबा तिथेच ठेवला.

"सूप गरम आहे तोवर प्या. उभं राहता आलं की कळवा. त्यांचा चहा मी प्यायला येईन."

दारातून वळून बघितलं नाही.

आता मॅडम यायच्या आत माझा गुडघा वाकवून झालेला असतो. "काका, एवढी घाई कसली?" ती विचारते. रेडा आठवत नाही मला अशा वेळी.

"नाईक दिनकर भोईरला चहा द्यायचाय," मी सांगतो.